अमेरिकेत शाळांमध्ये वारंवार गोळीबार होऊनही बंदुकांचे कायदे कडक का होत नाहीत?

लोकांनाच कायदा नको आहे, असे मुळीच नाही. बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासावी, या मागणीला जनमत चाचण्यांत सातत्याने मोठे बहुमत मिळत आले आहे. घोडे पेंड खाते ते सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत 20 मुले आणि 6 प्रौढ मारले गेल्यावर, अशा तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव एप्रिल 2013 मध्ये मतदानाला आला, तेव्हा बाजूने 54 आणि विरोधात 46 मते पडूनही तो फेटाळला गेला, कारण त्यासाठी 60 मते आवश्यक होती. त्यातच प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्याने चिमुकल्या लोकसंख्येच्या वायोमिंगचे वजन तेथे कॅलिफोर्नियाइतकेच भरते.

मे 2022 मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिकांचा बळी गेला. बाहेर पालक आक्रोश करत असताना सशस्त्र पोलीस तासाहून अधिक काळ शाळेच्या मार्गिकेत थांबून होते. नेत्यांचे ठरावीक शोकसंदेश ऐकून लोक चिडतात, ते उगीच नव्हे. पुढच्याच महिन्यात 21 वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी करणारा, तसा मर्यादितच, कायदा झाला खरा. पण त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यावरील न्यूयॉर्क राज्याची जुनी अट घटनाबाह्य ठरवली.