गुलाब बियांपासून करावा की काडीपासून? नर्सरीवाले म्हणतात, कलमच घ्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऑनलाइन मागवलेलं निळ्या गुलाबाचं बी कसं पेरायचं, घरच्या लाल गुलाबाच्या काडीपासून रोप होतं का, आणि "कलमाशिवाय गुलाब नाही" हे नर्सरीवाल्याचं म्हणणं खरं आहे का. (कलम म्हणजे एका गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा फूट येणारा बारीक फुगवटा, दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, बसवून केलेलं रोप.) पहिल्या दोन्हींची उत्तरं देणारे इथे पुष्कळ भेटतील. मला लिहायला बसवलं ते तिसऱ्याने, कारण हे वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

निळं बी आधी निकालात काढते. पेरू नका. निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात मुळातच तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्झीचं जनुक घालून ते गुलाबात आणलं, २००९ साली ती फुलं जपानात विकायलाही काढली, आणि तरी ती जांभळटच दिसतात. पाकिटावर छापलेला शाईच्या रंगाचा गुलाब कुठल्याच झाडाला लागत नाही. फुलवाल्याकडे दिसतो तो पांढरा गुलाब रंगाच्या पाण्यात उभा करून ठेवलेला असतो. तुमच्या पाकिटात कसलं बी आहे ते देव जाणे.

घरच्या गुलाबाचं बी मात्र जरूर पेरून बघा, फक्त लाल गुलाबाच्या बोंडातून लालच निघेल असं धरून चालू नका. बागेतले बहुतेक गुलाब संकरित असतात. बी म्हणजे नवं पोर, ते कुणाचं नाक-डोळे घेऊन येईल सांगता येत नाही. फूल वाळलं तरी खुडायचं नाही. बोंड तीन-चार महिन्यांत केशरी-लाल होतं. मग ते फोडून बिया गर चोळून धुवायच्या (गर राहिला की उगवण अडते), ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते बारा आठवडे ठेवायच्या. फ्रीझरमध्ये नाही. गुलाबाच्या बीला थंडी भोगल्याशिवाय जाग येत नाही, आणि नाशिकची थंडी कितीही कौतुकाची असली तरी दुपारच्या उन्हात ती पुरत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पिकलेलं बी लगेच पेरण्यात अर्थ नाही, ते नोव्हेंबरात मातीत जाईल असा हिशोब धरा. उगवतील थोड्याच, त्यातल्या काही बुडाशी कुजून आडव्या होतील. पण बारमाही जातीचं रोप उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत पहिलं बारकं फूल दाखवतं, ती गंमत वेगळीच. डॉ. बी. पी. पाल, म्हणजे गव्हाचे शास्त्रज्ञ आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, असेच हौसेने नवे गुलाब काढायचे.

आहे तोच गुलाब हवा असेल तर बी कामाचं नाही. 'पीस' नावाचा पिवळा-गुलाबी गुलाब तुम्ही पाहिला असेल. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँने १९३५ साली केलेल्या संकरातलं ते एक रोप. १९४५ साली त्याला हे नाव मिळालं, आणि आज जगात जिथे जिथे 'पीस' आहे तो त्या एका रोपाच्या काडीचा नाहीतर डोळ्याचा आहे.

आता काडी. माझं माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात. अंगणात हौदाच्या कडेला एक गुलाबी गुलाब होता, पाकळ्यांनी गच्च, आणि वास असा की आईने गुलकंदाची बरणी उघडली की माजघरात बसलेल्याला कळायचं. जात कोणती ते कुणालाच सांगता आलं नाही. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, त्यामुळे शेजारचे एक काका आमचं झाड थेट मोगलांपर्यंत नेऊन भिडवायचे. मला ते पटलं नाही, पण कुठल्याही नर्सरीत तो गुलाब मिळाला नाही हे खरं. वाडा पाडायचं ठरलं ते ऐन वैशाखात. काडी लावायला याहून वाईट महिना नाही. जुलै-ऑगस्ट चालतो, दसऱ्यानंतरची हवा सगळ्यात उत्तम. पण पाडकामवाला आपल्या गुलाबासाठी दसऱ्यापर्यंत थांबत नसतो.

फूल नुकतंच गळून गेलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडल्या. काटा अंगठ्याने बाजूला दाबला की टचकन सुटला पाहिजे. साल ओढत नुसता वाकला तर काडी कोवळी आहे. वीतभर लांबी, चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वर दोन पानं, बाकी पानं काढून टाकलेली. अर्धी नदीची वाळू, अर्धं कोकोपीट. खत मुळीच नाही. मुळं फुटायची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, तिच्यात आयबीए नावाचं संजीवक असतं. टोक बुडवायचं आणि जास्तीची झटकायची. मध, कोरफड, हळद, दालचिनी हे सगळं स्वयंपाकघरात राहू द्या. दालचिनीने फार तर बुरशी जरा लांब राहील. आणि बटाट्यात काडी खोचायचे व्हिडिओ करणाऱ्यांना तो बटाटा महिन्याने हुंगायला द्यावा.

कुंड्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ठेवल्या, तिथे सावली आणि ओल दोन्ही. काड्यांवर तळ कापलेल्या पाण्याच्या बाटल्या घातल्या. पंधरवड्यात लालसर पालवी आली आणि घरात सगळ्यांना वाटलं, जिंकलो. पालवीला भुलू नका. काडीत साठलेल्या अन्नावर डोळे फुटतात, खाली मुळाचा पत्ता नसतो. अन्न संपलं की काडी काळी पडत जाते. आधी खालच्या कापावर पांढरट गाठ धरते, मग मुळं. चांगल्या हवेत याला पाच-सहा आठवडे लागतात, उन्हाळ्यात किती ते झाडाच्या मर्जीवर. तेवढे दिवस काडी उपटून "लागली का" बघणाऱ्या माणसाला कुंडीजवळ फिरकू देऊ नये. आमच्या घरी असे एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, ते माझी उत्तरं वाचतात.

बहुतेक काड्या गेल्या. पाऊस सुरू झाला तरी ज्या हिरव्या होत्या त्या लागल्या.

माझे धाकटे दीर मोहाडीकडे द्राक्षबाग करतात. कलमात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. पुढच्या हिवाळ्यात माझ्याच झाडाचे डोळे नेऊन त्यांनी मल्टिफ्लोरा या रानगुलाबाच्या खुंटावर भरले, आणि दिवाळीच्या फराळाला वाद सुरू झाला. "वहिनी, काडीचा गुलाब म्हणजे गावठी कारभार. द्राक्षं पण होतीच की आधी स्वतःच्या मुळावर. पाणी खारावलं, जमिनीत क्षार वाढले, मग डॉगरिजच्या खुंटानेच वाचवलं ना?" मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा डॉगरिज आभाळातून पडतो का? आधी त्याचीही काडीच लावता ना?" हशा झाला. वाद काही मिटला नाही.

त्यांचं झाड सुरुवातीला माझ्यापेक्षा जोरात होतं, हे कबूलच आहे. फुलंही मोठी. दर कार्यात मला त्याचे मोबाइलवरचे फोटो बघावे लागायचे. मग काही वर्षांनी एका फाल्गुनात फोन आला: "तुमच्या वाड्याचा गुलाब उतरला. फुलं बारीक, पांढरी, झुबक्याने येतायत. जुनं वाण, किती दिवस टिकणार?"

मुद्दाम जाऊन बघितलं. झाड छातीएवढं, डवरलेलं, आणि त्यात माहेरच्या गुलाबाची एकही फांदी जिवंत नाही. भरलेला डोळा शेंडेमरीने, म्हणजे शेंड्याकडून खाली वाळत येणाऱ्या रोगाने, कधीच वाळून गेला होता. ऑक्टोबरात बागेच्या छाटणीला आलेल्या माणसांनी गुलाबही छाटला, आणि जोडाच्या खालून आलेले जोमदार फुटवे चांगले दिसले म्हणून तेच राखले. ती पांढरी फुलं मल्टिफ्लोराची, खुंटाची. माती बाजूला करून प्रत्येक फूट जोडाच्या खालून निघालीय हे दाखवलं. द्राक्षाच्या ओलांड्यावरचा एकेक डोळा ओळखणारा माणूस मला म्हणतो, "असं होत नसतं वहिनी, हवामानाने रंग बदलतो."

गुलाब उतरत नसतो, भाऊजी. तो मेला होता, आणि त्याच्या जागी तुम्ही दुसऱ्याच झाडाला पाणी घालत होता.

त्याच सुमारास आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आणि कामगारांनी माझं झाड मातीलगत मोडून टाकलं. दीड-दोन महिन्यांत बुंध्यातून फूट आली आणि त्याच गुलाबी, त्याच वासाच्या कळ्या धरल्या. स्वतःच्या मुळावरच्या गुलाबाला खालून काहीही फुटलं तरी ते तेच झाड असतं. मला नर्सरीवाल्याला आणि दिरांना एवढंच सांगायचंय. कलम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण घरच्या कुंडीत, जिथे खालची फूट ओळखून ओढून काढणारं कुणी नाही, तिथे कलम काही वर्षांनी अशी फसवणूक करतं आणि दोष बिचाऱ्या गुलाबाला लागतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सगळे गुलाब काडीने सारखे लागत नाहीत. गावठी, वेलीगुलाब आणि छोट्या फुलांचे मिनिएचर पटकन लागतात. मोठ्या फुलांचे हायब्रिड टी कुरकुरतात, त्यातले पिवळे तर फारच, आणि लागले तरी काहींची मुळं कायम अशक्त राहतात. विक्रीसाठी करायचं असेल तर हे उत्तर विसरा. जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाउसमध्ये टॉप सिक्रेट किंवा ताजमहाल या जातींचे गुलाब लावणारा शेतकरी कलमच घेतो आणि बरोबर करतो. काळ्या मातीत काडी लावू नका, पाणी धरते आणि काडी कुजते. मुळं भांड्याच्या भोकातून डोकावायला लागली की मग पोयटा-शेणखताच्या कुंडीत हलवा.

आणि तुमचा लाल गुलाब नर्सरीतून आणलेला असेल तर तो बहुतेक कलमीच आहे. बुंध्याशी जाड गाठ दिसेल, काडी तिच्या वरच्या फांदीची घ्या. खालची घेतलीत तर मेहनत करून खुंट वाढवाल. लग्नातल्या बुकेच्या दांड्या लावायचा विचार असेल तर त्या शीतगृहातून आलेल्या असतात, लागणं अवघडच. त्यापेक्षा दसऱ्यानंतर घरच्या झाडाची छाटणी करालच, त्या काड्या फेकू नका.