ड्युशेनची जनजागृती: आजाराच्या नावाआधी मुलाचं उठणं दाखवा

ताई, भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजाराचं, निदान झालं आणि 7 सप्टेंबरला, जागतिक ड्युशेन दिनी, तालुक्याच्या गावी रॅली काढावी का, असं तुम्ही विचारलंय. काढा की! पण माझ्या मुलालाही ड्युशेन आहे आणि बरीच वर्षं मी हे काम करतेय, म्हणून सांगते: फलकावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून फार काही साधत नाही. मूल जमिनीवरून उठतं कसं, ते लोकांना दाखवा.

हे मूल सरळ उभं राहत नाही. आधी पालथं होतं, दोन्ही हात जमिनीवर टेकतं, मग एकेक हात गुडघ्यावर, तिथून मांड्यांवर सरकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. डॉक्टर याला गॉवर्स साइन म्हणतात. पोटऱ्या भरदार दिसतात, त्यामुळे आजी म्हणते, ‘चांगला गुटगुटीत आहे!’ आणि शाळेत तोच मुलगा पळत नाही म्हणून आळशी ठरतो. अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या आणि हे उठणं करून दाखवा. खेळाच्या सरांना दाखवा, शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकालाही दाखवा.

मग गावातले डॉक्टर. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची समजली जाणारी एन्झाइम्स वाढलेली दिसली की लिव्हरची औषधं सुरू होतात. आमच्याकडेही तेच झालं. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात. अशा मुलाची सीपीके, म्हणजे स्नायूंमधल्या एन्झाइमची तपासणी करा, एवढीच विनंती करायची. साधी रक्ततपासणी आहे, आणि या आजारात आकडा हजारोंत जातो. निदान लवकर झालं तर स्टिरॉइड वेळेवर सुरू होतं, चालणं काही वर्षं जास्त टिकतं. शिवाय पुढच्या बाळाचा निर्णय आईवडिलांना माहितीनिशी घेता येतो.

भाच्याचा केविलवाणा फोटो फलकावर लावू नका. त्याला त्याच गावात शाळेत जायचंय.

‘आईकडून आला’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. साधारण एक तृतीयांश मुलांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक (बदललेलं जनुक मुलाला देऊ शकणारी) नसतेच. आणि असली तरी तिचा दोष कसला? तुमच्या बहिणीची वाहक चाचणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या. ती वाहक निघाली तर मावशी म्हणून तुमचीही करावी लागेल. भाच्याच्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट सोबत न्या. नेमका कोणता बदल शोधायचा, ते त्यावरूनच कळतं.