पंधरा हजारांचा ‘एआय एक्सेल’ कोर्स करू का?

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला जाते. पर्चेस रजिस्टर (खरेदीच्या बिलांची नोंद) आणि जीएसटीची टू-बी (विक्रेत्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी) जुळवायचं काम माझ्याकडे आहे. एका पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, कामाला मला दोन संध्याकाळ लागतात. माझ्याबरोबरचा मुलगा तेवढंच काम तासाभरात उरकतो. सर म्हणाले, ‘हात चालव, नाहीतर हे सगळं एआय करेल.’ बाबा १५ हजारांचा ‘एआय एक्सेल’ कोर्स लावून देतो म्हणतात. घरी लॅपटॉप नाही, सराव मोबाइलवरच होतो. काय करू?

उत्तर : सरांचं बोलणं तुला लागलंय, ते पत्रात दिसतंय. पण आधी एक सांगते, शिकायला याहून चांगलं काम तुला मिळालं नसतं. टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची थ्री-बीची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, मुदत असते २० तारीख. मधल्या पाच-सहा दिवसांत ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसते. टू-बीत न आलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, पार्टीला घेता येत नाही. म्हणजे तुझ्या नजरेतून एक ओळ सुटली, तर कुणाचे तरी पैसे अडकतात.

दोन संध्याकाळ जातात कुठे? तू बहुधा एक बिल नंबर वाचतेस, दुसऱ्या शीटमध्ये जातेस, माउसने खाली-वर करत तो शोधतेस आणि सापडला की रंग भरतेस. यात हात कितीही चालवला तरी दोनाची दीड संध्याकाळ होईल, तास होणार नाही. तो मुलगा शोधतच नसावा. तो दोन्ही शीट आधी एका मापाच्या करून घेत असणार.

तूही तिथूनच सुरुवात कर. टू-बीच्या फाइलमध्ये मथळ्यांचे खाने एकमेकांत जोडलेले असतात. ते मोडून मथळ्याची एकच ओळ ठेव आणि कंट्रोल-टी दाबून टेबल कर. मग बिल नंबर बघ. रजिस्टरला ‘४५’ असतो, टू-बीत ‘००४५’. कुठे शेवटी एक रिकामी जागा असते, ती दिसत नाही पण जुळू देत नाही. तिला ट्रिम, म्हणजे जादा रिकाम्या जागा काढणारं सूत्र, लाव. कुणी ‘४/५’ असा नंबर टाकला की एक्सेल त्याची ४ मे ही तारीख करून टाकतं, म्हणून नंबर भरण्यापूर्वीच त्या कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट ठेवायचा. हे सगळं झालं की जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून दोन्हीकडे एक जादा कॉलम कर. जुळवायचं ते या कॉलमवरून.

शॉर्टकटची शंभराची यादी पाठ करू नकोस. रोज लागणारे चार-पाच हातात बसव. कंट्रोल-शिफ्ट-बाण म्हणजे डेटाच्या शेवटपर्यंत निवड. कंट्रोल-शिफ्ट-एल म्हणजे फिल्टर. सूत्र लिहिताना एफ-फोर दाबलं की डॉलरची चिन्हं पडतात आणि सूत्र खाली ओढलं तरी खान्याचा संदर्भ हलत नाही. आणि कंट्रोल-ई तर आजच करून बघ. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. शेजारच्या खान्यात पहिल्या ओळीचा पॅन टाइप कर, खालच्या खान्यात ये, कंट्रोल-ई दाब. खालचे सगळे पॅन भरून येतात. मूळ नंबर नंतर बदलला तर हे मात्र आपोआप बदलत नाहीत, तेवढं लक्षात ठेव.

आता एआय. कोपायलट, जेमिनी किंवा चॅटजीपीटी यांतल्या कुणालाही मराठीत नीट सांगितलंस की ‘बी कॉलममध्ये जोडलेला नंबर आहे, दुसऱ्या शीटमधून टॅक्सची रक्कम आण’, तर बहुतेक वेळा एक्सलुकअपचं, म्हणजे नंबर शोधून त्यासमोरची रक्कम आणणारं, सूत्र मिळेल. ते चालेलही. पण एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल असला, तर रजिस्टरला त्याच बिलाच्या दोन ओळी असतात. एक्सलुकअप त्यातली पहिलीच उचलतं आणि बिनबोभाट फरक दाखवतं. तिथे हवं समइफ्स, जे त्या नंबरच्या सगळ्या ओळींची बेरीज करतं. तू हे सांगितलंस तर एआय सूत्र लगेच बदलून देईल. पण सांगणार कोण? ज्याने ते बिल हातात धरून पाहिलंय तोच. सरांच्या ‘हे सगळं एआय करेल’ला माझं उत्तर हे आहे.

म्हणून सूत्र आलं की आधी तुला उत्तर माहीत असलेल्या दहा ओळींवर लाव. शेवटी जुळलेल्या आणि न जुळलेल्या ओळी मिळून मूळ ओळींइतक्या होतात ना, ते मोज, कारण ओळी गुपचूप गळू शकतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात एक्सेलच्या जुन्या फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. आणि पार्टीची खरी फाइल फुकटच्या चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नकोस. ते आकडे तुझे नाहीत. खोटे नंबर घालून पाच ओळी तयार कर आणि त्या दाखवून एआयला प्रश्न विचार.

हे दोन-तीन महिने जमलं की पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच सोयीकडे वळ. साफसफाईच्या पायऱ्या एकदा ठरवून दिल्यास की पुढच्या महिन्यात नवी फाइल ठेवायची आणि रिफ्रेश करायचं.

राहिला कोर्स. बाबा पैशासाठी हात आखडता घेत नाहीत, हे फार मोठं आहे. पण कंट्रोल-शिफ्ट-बाण मोबाइलवर शिकता येत नाही. त्या १५ हजारांत ओळखीच्या दुकानातून जुना, पण कीबोर्ड आणि बॅटरी ठीक असलेला लॅपटॉप बघा. वेबवरचं एक्सेल मोफत आहे. ब्राउझरमध्ये कंट्रोल-टीने नवीन टॅब उघडतो, तिथे टेबलला कंट्रोल-एल वापर. लॅपटॉप आला की खोट्या नावांची दोनशे बिलं बनव, त्यात मुद्दाम दहा चुका पेर, आणि १४ तारखेच्या आत त्या सगळ्या पकडून दाखव, आधी स्वतःला आणि मग सरांना.