घराघरांत जाऊन सर्वेक्षण करताना कुटुंबातल्या माणसांची नोंद नेमकी कशी घ्यावी? रेशनकार्डाशी आकडा जुळत नाही. (प्रबंधासाठी, बीड जिल्हा)

रेशनकार्ड आधी बाजूला ठेवा. सून येऊन चार वर्षं झाली तरी तिचं नाव चढलेलं नसतं, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीचं कमी झालेलं नसतं. जनगणना असो की राष्ट्रीय नमुना पाहणी, कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं. नातं असलंच पाहिजे असं नाही. घरात राहून तिथंच जेवणारा सालगडी यादीत येतो, आणि त्याच वाड्यात चूल वेगळी केलेला सख्खा भाऊ येत नाही.

‘घरात माणसं किती?’ हे सुरुवातीला विचारूच नका. समोरचा एकदा ‘पाच’ म्हणाला की नावंही पाचच सांगतो. आधी कुटुंबप्रमुखापासून एकेक नाव लिहून घ्या, मग खोदून विचारा. पाळण्यात कोणी आहे का? बारसं व्हायचं असलं की बाळ हमखास राहून जातं. म्हातारी आई सध्या कुणाकडे जेवते? मुलांकडे महिन्याच्या पाळीनं असेल, तर एकतर दोन्ही घरं तिला धरतात, नाहीतर दोन्ही सोडतात. बाळंतपणाला आलेली लेकही विचारा.

तुमच्याकडे खरी गोची ऊसतोडीची. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते दसरा-दिवाळीनंतर कारखान्याला गेले की घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. नमुना पाहणीच्या नियमानं सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरचाच धरतात, आणि हंगाम नेमका पाच-सहा महिन्यांचा! म्हणून ‘किती महिने बाहेर असतात’ असं विचारू नका, ठोकळ उत्तर मिळतं. दिवाळीआधी गेले की नंतर, गुढीपाडव्याला आले होते का, असं सणावरून काढा. धरायचं की सोडायचं ते घरी बसून ठरवा, पण सगळ्या घरांना एकच नियम लावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रत्येकापुढे दोन रकाने असतात: नेहमी इथं राहतो का, आणि काल रात्री इथं होता का. तुम्हीही ठेवा, लेकीचा आणि पाहुण्यांचा घोळ तिथंच मिटतो.

वयासाठी लसीकरणाचं कार्ड किंवा शाळेचा दाखला मागा. आणि माहिती दुसऱ्यांकडून गोळा करून घेत असाल, तर १४-१५ आणि ४९-५० या वयांच्या बायकांच्या नोंदी स्वतः तपासा. मुलाखत १५ ते ४९ वयाच्या बायकांची असेल, तर वय ५० लिहिलं की तासाभराचे प्रश्न वाचतात, हे प्रगणकांना चांगलं ठाऊक असतं.