वाचक विचारतात : संशोधन आपल्या दारापर्यंत पोचतं का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच दिशेची वाटली म्हणून एकत्र घेतेय. प्रश्न थोडे कापलेत, अर्थ तोच ठेवलाय.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी असं जावं लागतं, वजन, ताप, फॉर्म. ट्रेनिंगमध्ये दिवस पाठ करून घेतले पण हेच दिवस का आणि हे कुठून आलं ते कोणी सांगितलं नाही. घरातली म्हातारी माणसं म्हणतात बाळ चांगलंय की, परत परत कशाला येते. काय सांगू त्यांना?

ताई, तुमच्या हातातला तो फॉर्म गडचिरोलीतून आलाय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये तिथल्या ३९ गावांत आधी वर्षभर फक्त नोंदी केल्या, की जन्मलेल्या बाळाला पहिल्या २८ दिवसांत नेमकं होतं तरी काय. ७६३ बाळं होती, जवळजवळ सगळी घरीच जन्मलेली. निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरांनी बघायला हवं असं काहीतरी झालं, आणि प्रत्यक्षात उपचार मिळाले फक्त २.६ टक्के बाळांना. हा आकडा मी कितीतरी वेळा वाचलाय तरी प्रत्येक वेळी थांबायला होतं.

तेव्हा मोठ्या डॉक्टरांचं मत असं होतं की एवढ्या लहान जिवाचा इलाज हॉस्पिटलातच व्हायचा. पण हॉस्पिटल लांब, हातात पैसे नाहीत, आणि बाळंतीण-बाळाला खोलीबाहेर काढायचं नाही ही रीत, मग बाळ तिथे पोचणार कसं? म्हणून त्यांनी उलटं केलं, गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना शिकवलं. वजन कसं करायचं, बाळाला ऊब कशी द्यायची, जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा कसा आणि त्याचं औषध-इंजेक्शन द्यायचं कसं, सगळं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा तशीच चालू राहिली, म्हणजे तुलना करता आली. तिसऱ्या वर्षापर्यंत या ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि २०११ मध्ये भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशांकडे दिलं. म्हणजे तुमच्याकडे.

आता दिवसांचं. पहिल्या महिन्यात जी बाळं जातात त्यातली साधारण पाऊण पहिल्याच आठवड्यात जातात, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या जवळजवळ आहेत, आणि घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं असतं. पुढच्या फेऱ्या वजन वाढतंय का ते बघायला. घरच्यांना हे सांगा की आजारी नवजात बाळ मोठ्या पोरासारखं कण्हत नाही, ते गप्प होतं. दूध ओढायचं सोडतं, रडणं बारीक होतं, हातपाय ढिले पडतात, अंग गार लागतं, आणि घरातल्यांना वाटतं बाळ शांत झोपलंय. चांगलं दिसणारं बाळ खरंच चांगलं आहे का हेच बघायला तुम्ही जाता.

त्याच संस्थेची अजून एक गोष्ट मला फार आवडते. बाळाला न्यूमोनिया आहे का हे एका मिनिटातले श्वास मोजून कळतं, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त म्हणजे धोका. पण सुईणींना तेवढं मोजता येत नव्हतं. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. सुईणीला अडाणी म्हणून बाजूला न काढता तिच्या हाताला जमेल असं साधन शोधलं. माझ्या मते संशोधन ते हेच.

आणि हो, योजना सुरू झाली तेव्हा एका बाळाच्या सगळ्या फेऱ्या मिळून मोबदला ठरला २५० रुपये. मला तो तेव्हाही कमी वाटला होता, आजही वाटतो. ज्या कामाने बाळं वाचतात हे सिद्ध झालंय त्या कामाचे पैसे नीट द्यायला हवेत.

प्रश्न : मुलगा इंजिनिअर आहे, चांगली नोकरी सोडून आता चुलीवर पीएचडी करतोय. गॅस घरोघरी आला तरी चूल? पाहुण्यांना काय सांगावं तेही कळत नाही. – एक वडील, सांगली

काका, पाहुण्यांना अभिमानाने सांगा. गॅसचं कनेक्शन असणं आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर होणं यात फरक आहे. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या आहेतच, आणि आंघोळीचं पाणी तर कित्येक घरांत चुलीवरच तापतं. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला अंदाजे ३२ लाख माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते (२०२० चा अंदाज).

बिनधुराच्या चुली सरकारने ऐंशीच्या दशकापासून वाटल्या. पुढे ओडिशात अर्थतज्ज्ञांनी अशा चुली दिलेली घरं चार वर्षं बघितली, तर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला आणि नंतर तो फायदा विरून गेला, कारण चुलीला तडे गेले ते कोणी बुजवले नाहीत, धुराडं साफ झालं नाही, आणि जुनी चूल शेजारी पेटतच राहिली. प्रयोगशाळेत पास झालेली चूल घरात नापास झाली. हे कोणीतरी जाऊन मोजलं म्हणून कळलं, नाहीतर वाटपाच्या आकड्यांवर सगळे खूश राहिले असते.

तुमच्या मुलाला एवढंच सांगा की चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आधी विचार. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला लावायला समोर जागा लागते, आमटी वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या भोकावर, ठेवायची असते, सरपण कधी ओलं असतं कधी जाड, ते बारीक तुकडे करून घालायला शेतावरून आलेल्या बाईला वेळ नसतो. चुलीला वैल नसेल आणि पुढे आर (निखारे) ओढता येत नसेल तर ती चूल कितीही कमी धूर करू दे, पावसाळ्यानंतर तिच्यावर कोंबडी बसलेली दिसेल. आणि उत्तर मनासारखं नाही आलं तरी घाबरू नको म्हणावं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे मिळून ३,२०० गरोदर बायकांवर अभ्यास झाला, अर्ध्या घरांना गॅस फुकट पोचवला, धूर पुष्कळ कमी झाला, पण बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक पडला नाही. २०२२ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. असं प्रामाणिक 'नाही' पुढच्या माणसाची कित्येक वर्षं वाचवतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करायचा विचार आहे, पण शेण कुठून आणायचं? – सोसायटीच्या सेक्रेटरी, पुणे

रोज शेण लागत नाही! पुण्यातल्याच 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हा मुद्दा धरला की शेण म्हणजे गुराने आधीच पचवून टाकलेलं, त्यात गॅस करणाऱ्या जंतूंसाठी उरलंय काय. खरकटं, शिळा भात, पीठ, सडलेली फळं यांत स्टार्च आणि साखर असते. त्यांच्या हिशोबाने असं दोन किलो खाद्य दिवसभरात जेवढा मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) देतं तेवढ्यासाठी शेण ४० किलो लागतं आणि ४० दिवस थांबावं लागतं. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एकीवर एक पालथी, असा तो घरगुती प्लँट, २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेण फक्त सुरुवातीला, विरजण म्हणून.

पण तुमचा कचरा पूर्ण सोसायटीचा आहे, त्यामुळे घरगुती टाकीपेक्षा भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्रज्ञान बघा, ते मोठ्या प्रमाणासाठी आहे. काहीही घेतलंत तरी कचरा बारीक वाटून घालायचा, नारळाच्या शेंड्या आणि अंड्याची टरफलं घालायची नाहीत, आणि हावरेपणाने एकदम जास्त भरायचं नाही, कारण मग आत आंबट होतं आणि गॅस बंद पडतो. थंडीत गॅस कमीच येतो. बंद पडलेले प्लँट मी बघितलेत, बहुतेक ठिकाणी मशीन बरं होतं, रोज बघणारा माणूस नव्हता. आधी ते काम कोण करणार आणि त्याला पगार किती ते मीटिंगमध्ये ठरवा, कोटेशन नंतर मागवा.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी कोणीतरी सर्व्हे करायला येतं, पाणी, आजार, शौचालय, वीज. माहिती घेऊन जातात, परत कोणी येत नाही. द्यायची का माहिती? – एक ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

तुमची चीड रास्त आहे. सर्व्हे संशोधनाचा असेल तर माहिती देणं ही सक्ती नाही, आधी संमती घ्यावीच लागते आणि नको म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मी म्हणेन सरसकट दार बंद करू नका, अट घाला. कोणती संस्था, गाईड कोण, आकडे गावाला मराठीत कधी परत देणार, हे ग्रामसभेत विचारून प्रोसिडिंगला लिहून घ्या. चांगले लोक याला आनंदाने हो म्हणतात, आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राची मुलं नळयोजना का बंद पडली ते बघायला गावोगाव फिरलीत, त्यांना लोकांशी बोलल्याशिवाय उत्तर सापडतच नाही. आणि आकडे हातात आले की ते कपाटात ठेवू नका, कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, किती घरांना टँकर लागतो हा कागद गटविकास अधिकाऱ्यांपुढे टाकायला डिसेंबर-जानेवारीतच जा, एप्रिलमध्ये गेलात तर पुढच्या वर्षीचं सांगतील.