ड्रायव्हरला सही हवीच का?

प्रश्न: हौस म्हणून बनवलेल्या यूएसबी बोर्डसाठी विंडोजचा ड्रायव्हर (बोर्डशी बोलणारा प्रोग्रॅम) लिहिला, माझ्याकडे टेस्ट मोडमध्ये (विंडोजची चाचणीसाठीची सेटिंग) मस्त चालतो पण मित्राकडे लोडच होत नाही. काय करू?

उत्तर: कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) असेल तर ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून डिजिटल सही (ड्रायव्हर कोणाचा हे पटवणारी खूण) लागतेच, आणि २०१६ च्या विंडोज १० व्हर्जन १६०७ पासून नवीन ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून साइन करून घ्यायचा, त्यासाठी ईव्ही सर्टिफिकेट (कंपनीची कसून ओळख तपासून विकत मिळणारं), तेही कंपनीच्या नावावर, मुदत संपली की परत पैसे. एकट्या हौशी माणसाची यात पार गोची होते. (आणि सही आहे म्हणजे सुरक्षितच असंही नाही: २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमचे ड्रायव्हर चोरलेल्या सर्टिफिकेटने साइन केलेलेच होते!) पण म्हणून मित्राला टेस्ट मोडसाठी सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद करायला लावू नका. बोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच चालणारा प्रोग्रॅम) विनयूएसबीचे, म्हणजे विंडोजमधल्याच यूएसबी ड्रायव्हरचे, डिस्क्रिप्टर (बोर्डने विंडोजला द्यायची माहिती) टाका, विंडोज ८ पासून हा आतलाच ड्रायव्हर आपोआप लागतो.