वाचकांचे प्रश्न : अमाल्फीचे बंदर एका रात्रीत बुडाले काय?

प्रश्न : बहमनी काळात आमचे दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, आज धोपाव्याहून फेरीबोटीने येणाऱ्या माणसाला ते सांगूनही खरे वाटत नाही. इटलीतील अमाल्फी या लहानशा गावाची कथा अशीच असून 1343 च्या वादळात ते एका रात्रीत बुडाले, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? तिथे आज पाहण्यासारखे काय उरले आहे?
— एक निवृत्त शिक्षक, दाभोळ

उत्तर : वादळ खरे आहे, परंतु अमाल्फीच्या ऱ्हासाचे सगळे खापर त्याच्यावर फोडणे योग्य नाही. 25 नोव्हेंबर 1343 रोजी समुद्र खवळून गावाचा किनाऱ्यालगतचा भाग आणि बंदर वाहून गेले. त्या वेळी नेपल्समध्ये असलेल्या पेत्रार्क या कवीने तिथल्या हाहाकाराचे वर्णन एका पत्रात केले आहे. स्ट्राँबोली या ज्वालामुखी बेटाचा कडा समुद्रात कोसळून उठलेली ती त्सुनामी असावी, असे अलीकडे काही भूशास्त्रज्ञांनी मांडले आहे. मात्र लाटा आल्या तेव्हा अमाल्फीचे वैभव ओसरून दोनशे वर्षे झाली होती.

हे वैभव मुळात आले कसे, ते पाहिले म्हणजे गेले का, हेही समजते. गावाच्या पाठीशी उभे डोंगर, शेतीला सपाट जमीन जवळजवळ नाही. त्यामुळे डोंगरातले लाकूड तोडून जहाजे बांधावीत आणि समुद्रावर पोट भरावे, हाच मार्ग होता. 839 मध्ये नेपल्सच्या अमलातून सुटल्यावर अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी उत्तर आफ्रिकेला लाकूड विकून सोने आणले आणि त्या सोन्यावर कॉन्स्टँटिनोपलहून रेशीम व चैनीच्या वस्तू खरेदी केल्या. धर्मयुद्धे सुरू होण्यापूर्वीच जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी त्यांचे रुग्णालय होते. परंतु अशा गावाला स्वतःचे सैन्य उभे करण्याइतका मुलूख नसतो. 1073 मध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्डने ते घेतले, 1131 मध्ये राजा दुसरा रॉजर याने उरलीसुरली स्वायत्तताही संपवली, आणि 1135 व 1137 मध्ये पिसाच्या आरमाराने ते लुटले. दाभोळची राखरांगोळी 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने केली, हे आपणांस नव्याने सांगायला नको. बंदरे बहुधा माणसेच बुडवतात. लाटेचे नाव घेणे सोयीचे असते, एवढेच.

पाहण्याची सुरुवात जुन्या जहाज-गोदीपासून करावी. दगडी कमानींची दोन लांब दालने आज शिल्लक आहेत. समुद्राकडचा भाग गेला आहे. तिथल्या संग्रहालयात अमाल्फीच्या सागरी नियमांची संहिता ठेवलेली आहे. खलाशांचा मोबदला, वाटा, संकटात समुद्रात टाकलेल्या मालाची भरपाई, अशा गोष्टी तीत ठरवून दिल्या होत्या आणि ती सोळाव्या शतकापर्यंत प्रमाण मानली जात होती. त्यानंतर साठेक पायऱ्या चढून सेंट अँड्र्यूच्या कॅथेड्रलला जावे. त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा देखणा दर्शनी भाग पाहून प्रवासी हरखतात. पण जुना भाग 1861 मध्ये कोसळल्यावर 1891 पर्यंत तो नव्याने बांधला गेला. खरी जुनी वस्तू म्हणजे अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून आणलेले काशाचे दरवाजे. त्यांच्यापुढे मात्र फारसे कोणी थांबत नाही.

गावामागच्या घळीत ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या कागदाच्या गिरण्या होत्या. चिंध्या कुटून कागद करण्याची ही विद्या अरबांकडून आली. अशाच एका जुन्या गिरणीत आता कागदाचे संग्रहालय असून लाकडी घण पाण्याच्या जोरावर चालताना पाहता येतात. वाटेत डोंगरउतारावर लिंबांच्या बागा दिसतील. आपल्या गडग्यांसारखेच चुन्याविना रचलेले दगडी बांध घालून तिथे टप्प्याटप्प्यांची जमीन केली आहे आणि झाडांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव आहेत.

प्रश्न : होकायंत्राचा शोध अमाल्फीच्या फ्लाविओ जोया याने लावला, असे शाळेत शिकल्याचे आठवते. ते बरोबर आहे काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अमाल्फीच्या बंदराजवळ त्याचा पुतळाही आहे, परंतु असा माणूस बहुधा झालाच नाही. पंधराव्या शतकातील इतिहासकार फ्लाविओ बिओंदो याने होकायंत्राचे श्रेय अमाल्फीकरांना दिले होते. पुढे त्याचा हवाला देणाऱ्या एका लॅटिन वाक्यातला स्वल्पविराम चुकीच्या जागी वाचला गेला आणि ‘शोध लागला, असे फ्लाविओ सांगतो’ याचे ‘फ्लाविओने शोध लावला’ असे झाले. चुंबकसूची चिन्यांना आधीच ठाऊक होती. अमाल्फीच्या तांडेलांनी ती वापरात रुळवली असावी, इतकेच म्हणता येते.

जाणाऱ्यांसाठी : नेपल्सहून रेल्वेने सालेर्नोला जाऊन पुढे बोटीने जावे. कड्यावरचा रस्ता अरुंद असून उन्हाळ्यात त्यावर वाहनांची कोंडी होते. आपल्याकडे पावसाळ्यात लाँच बंद असतात, तशा तिथल्या बोटी हिवाळ्यात बहुतांशी बंद असतात. त्या दिवसांत सालेर्नोहून बसनेच जावे लागते.